न विचारता गायलेलं गाणं

एस्टोनियन भाषेत ‘क्युल्मले माले’ असा एक शब्दप्रयोग आहे. शब्दशः अर्थ ‘थंड देशाकडे’. पण तिथे एखादी आजी म्हणाली, की माझ्या भावाला थंड देशी नेलं, तर ती हवामानाविषयी बोलत नाही हे ऐकणाऱ्याला कळतं. आपल्याकडे ‘काळ्या पाण्यावर धाडलं’ म्हटलं की अंदमानचं नाव घ्यावं लागत नाही, तसंच हे. थंड देश म्हणजे सायबेरिया. बाल्टिक समुद्राकाठचा एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघाच्या ताब्यात होता. २५ मार्च १९४९ पासून चारपाच दिवसांत तिथून वीस हजारांहून जास्त माणसं गुरांच्या डब्यांत भरून तिकडे पाठवली गेली. त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. त्याआधी जून १९४१ मध्ये सुमारे दहा हजार. पुढची जवळपास चाळीस वर्षं या गोष्टी ना शाळेच्या पुस्तकात आल्या ना वर्तमानपत्रात. त्या घरात राहिल्या, दबक्या आवाजात आणि अशाच आडवळणाच्या शब्दांत.

१९८९ मध्ये एस्टोनियाची राजधानी तालिनमधल्या तीन पोरांनी हाच शब्दप्रयोग आपल्या पहिल्या अल्बमचं नाव म्हणून वापरला. बँडचं नाव जे.एम.के.ई. गाणारा आणि गिटार वाजवणारा विल्लू ताम्मे, बासवर तार्वो हन्नो वार्रेस, ड्रमवर वेन्नो वानामोल्डर. संगीत पंक रॉक, म्हणजे तीनचार सुरांवर उभं, वेगवान, कर्कश आणि घाईत असल्यासारखं. घरात कुजबुजायचा शब्द त्यांनी तबकडीच्या वेष्टनावर छापला आणि मग ओरडून गायला.

मला ती भाषा येत नाही. गाणी समजतात ती भाषांतरातून आणि आवाजातून. तरीही हा अल्बम माझ्यासाठी फक्त संगीताचा विषय नाही. सरकारने कलावंताला आधी तपासावं का आणि तपासणी उठली म्हणजे काम झालं का, हे दोन प्रश्न मला त्यातून इतके स्पष्ट दिसतात, की ते आपल्याकडच्या वाचकांपुढेही मांडावेसे वाटतात.

हा अल्बम एस्टोनियात निघालाच नाही. तो समुद्रापलीकडे, फिनलंडची राजधानी हेलसिंकी इथे ‘स्टुपिडो ट्विन्स’ नावाच्या छोट्या कंपनीने काढला. ज्या लोकांच्या आजोबांविषयी तो होता, त्यांच्या देशात त्याची तबकडी छापायची सोय नव्हती. आणि हे १९८९ साल होतं. सोव्हिएत नेते गोर्बाचोव्ह सत्तेवर येऊन चार वर्षं झाली होती, खुलेपणाचा डंका जगभर वाजत होता. मग सोय का नव्हती?

त्यासाठी सोव्हिएत व्यवस्था कशी चालायची ते थोडं पाहावं लागेल. संपूर्ण सोव्हिएत संघात तबकड्या काढणारी कंपनी एकच होती, सरकारी, ‘मेलोदिया’. १९६४ मध्ये स्थापन झालेली. स्टुडिओ तिचे, कारखाने तिचे, दुकानं तिची. गाण्याचे शब्द आधी तपासनिसाकडे द्यायचे. बँडला जाहीर कार्यक्रम करायचा तर कला समितीपुढे वाजवून दाखवायचं, समिती श्रेणी ठरवणार आणि त्या श्रेणीप्रमाणे मानधन. कार्यक्रमातली बरीचशी गाणी संगीतकार संघाच्या अधिकृत सभासदांची हवीत अशीही अपेक्षा असे. यात कुणी दारावर बंदूक घेऊन उभं नसायचं. अर्ज, शिक्का आणि ‘पुढच्या महिन्यात या’ एवढ्यावर काम भागायचं.

लोक वाटा काढतच होते. पन्नाशीच्या दशकात लेनिनग्राडमध्ये दवाखान्यांनी टाकून दिलेल्या क्ष-किरण फिल्मा गोळा करून त्यांवर बंदी असलेली गाणी कोरली जात. कुणाच्या तरी बरगड्यांच्या चित्रावर जाझ वाजायचा. पुढे टेप रेकॉर्डर घरोघरी आले आणि एका टेपवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असा प्रवास सुरू झाला. त्यात आवाज दर वेळी थोडा मरतो. दहाव्या हाती गेलेली टेप म्हणजे खरखरीतून ओळखायचं गाणं. लोकांनी तेही जपलं आणि त्याबद्दल मला फार आदर आहे. पण नाइलाजाने केलेल्या या जुगाडाचं इतकं कौतुक करू नये, की मूळ अन्याय विसरला जाईल.

खरखरीत टेप आणि रीतसर तबकडी यांतल्या फरकाची किंमत एस्टोनियाच्या पंकने आधीच्याच पिढीत मोजली होती. १९८० च्या उन्हाळ्यात मॉस्को ऑलिंपिकच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती तालिनमध्ये झाल्या. शहर धुऊनपुसून, नव्या इमारतींसह परदेशी पाहुण्यांना दाखवलं गेलं. पाहुणे गेले आणि दोन महिन्यांच्या आत, २२ सप्टेंबरला, कादरिओर्गच्या मैदानावर टीव्ही आणि रेडिओ कर्मचाऱ्यांच्या संघांमध्ये फुटबॉलचा मैत्रीपूर्ण सामना होता. त्याला जोडून ‘प्रोपेलर’ या पंक बँडचा कार्यक्रम ठेवला होता. हजारो तरुण आले होते. कार्यक्रम अर्ध्यात तोडला गेला. पोरं चिडली, रस्त्यावर उतरली, धरपकड झाली, बँडवर बंदी आली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शाळकरी मुलांनी तालिनमध्ये मोर्चे काढले आणि पोलिसांनी ते मोडून काढले.

शाळकरी मुलांना पोलिसांनी मारलेलं पाहून त्या छोट्या देशातले मोठे लोक हलले. २८ ऑक्टोबर १९८० या तारखेचं एक पत्र चाळीस लेखक, शास्त्रज्ञ आणि कलावंतांनी सह्या करून मॉस्कोच्या ‘प्रावदा’ या साम्यवादी पक्षाच्या दैनिकाला आणि एस्टोनियातल्या दोन वर्तमानपत्रांना पाठवलं. कवी यान काप्लिन्स्की त्यांतले एक. तरुणांच्या रागाचं मूळ शोधा, एस्टोनियन भाषेला तिच्याच घरात दुय्यम करू नका, असा त्या पत्राचा आशय होता. एकाही वर्तमानपत्राने ते छापलं नाही. लोकांनी हाताने आणि टाइपरायटरवर उतरवून वाटलं. सह्या करणाऱ्यांना चौकशा, दटावण्या आणि काहींना नोकरीवर गदा सोसावी लागली.

एका फुटबॉल सामन्याच्या निमित्ताने वाजलेल्या गाण्यांपासून इथवर गोष्ट पोचली. आणि त्या प्रोपेलरचा अल्बम? त्या काळात निघालाच नाही. त्यांची ध्वनिमुद्रणं लोकांपुढे रीतसर आली तेव्हा सोव्हिएत संघ नकाशावरून गेला होता. ज्या मुलांनी त्यांच्यासाठी मार खाल्ला, ती तोवर तिशीत पोचली होती. गाणं उशिरा मिळालं तरी मिळालं ना, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. सोळाव्या वर्षी ऐकायचं गाणं एकतिसाव्या वर्षी मिळालं तर ती आठवण म्हणून मिळते. ज्या दिवसासाठी ते लिहिलं होतं तो दिवस गेलेला असतो.

जे.एम.के.ई.ची स्थापना १९८६ ची. त्यांच्या वेळी बंदी सैल झाली होती हे खरं, पण एक दुसरी गोष्ट निर्णायक ठरली. तालिन आणि हेलसिंकी यांच्यात फक्त ऐंशी किलोमीटर पाणी आहे. उत्तर एस्टोनियात फिनलंडचा टीव्ही दिसायचा, दोन्ही भाषा एका कुळातल्या, त्यामुळे पोरं फिनिश कार्यक्रम बघत मोठी झाली होती. फिनलंड सरकार मॉस्कोच्या बाबतीत अतिशय जपून वागायचं. राष्ट्राध्यक्ष कोइविस्तो बाल्टिक स्वातंत्र्याबद्दल शेवटपर्यंत सावध राहिले. पण तिथल्या एका लहानशा कंपनीला सरकारचं धोरण पाळायचं बंधन नव्हतं. तिला गाणी आवडली, तिने ती छापली. फिनलंडने एस्टोनियाला उदार होऊन आधार दिला असं हे नव्हतं. तिथे तबकडी काढणारे अनेक होते आणि त्यांतल्या एकाने हो म्हटलं, इतकंच. सोव्हिएत बाजूला नकार देणारा एकच होता आणि त्याने नकार दिला की विषय संपत असे.

अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर आपण बोलतो ते बहुतेक वेळा बंदीच्या भाषेत. अमुक गाण्यावर बंदी आली, तमुक नाटकावरची उठली. पण बंदी उठल्यावर गायचं कुठे, मुद्रित कुणी करायचं, छापायचं कुणी, हे तीन प्रश्न राहतातच. त्या तिन्हींचं उत्तर एकाच संस्थेच्या हातात असेल, तर बंदीची गरजच पडत नाही. म्हणून कलेच्या स्वातंत्र्याचा हिशेब करताना मी आधी दारं मोजतो. नकार मिळाल्यावर ठोठावायला दुसरं दार आहे का?

या बँडवर तेव्हा घेता येण्यासारखा आणि आजही अशा कलावंतांवर हमखास घेतला जाणारा आक्षेप म्हणजे हे परकं आहे, लंडन-न्यूयॉर्कची नक्कल आहे. सोव्हिएत यंत्रणेने तर पंकला थेट वैचारिक रोग ठरवलं होतं. जानेवारी १९८५ मध्ये युक्रेनमधल्या एका प्रांताच्या कोम्सोमोलने, म्हणजे साम्यवादी युवक संघटनेने, घातक परदेशी कलाकारांची यादी काढली. ३८ नावं, प्रत्येकापुढे गुन्हा लिहिलेला. कुणापुढे पंक आणि हिंसा, कुणापुढे नवफासीवाद. आणि परदेशी कंपनीने अल्बम काढला म्हटल्यावर ‘परकीय हात’ हा शब्द काही फार दूर नसतो. आपल्यालाही तो चांगला ओळखीचा आहे.

या आक्षेपाला माझं उत्तर अल्बमच्या नावातच आहे. गिटार परकी असेल, ठेका परका असेल. पण ‘थंड देशाकडे’ हे शब्द एस्टोनियन स्वयंपाकघरातले आहेत. लंडनच्या पंकमध्ये ते सापडणार नाहीत, कारण तिथल्या कुणाच्या आजीला गुरांच्या डब्यात घातलेलं नव्हतं. दहा-बारा लाखांच्या भाषेत, जिचा बाजार शून्याच्या जवळ, त्या पोरांनी गायलं. त्यांना ऐकवायचं होतं ते आपल्या माणसांना. पेटी आपल्याकडे युरोपातून आली आणि भजनात बसली. वाद्याचा पासपोर्ट तपासत बसणाऱ्यांना गाण्यातल्या शब्दांना उत्तर द्यायचं नसतं, असा माझा अनुभव आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मला मनापासून विचारात घ्यावासा वाटतो. एस्टोनिया स्वतंत्र झाला तो या गोंगाटाने नव्हे, समूहगानाने झाला. ‘गाती क्रांती’ हा शब्दच तिथला, चित्रकार हाइंझ वाल्क यांनी जून १९८८ मध्ये वापरलेला. त्या उन्हाळ्यात तालिनच्या गीतमहोत्सवाच्या मैदानावर रात्र रात्र लोक गात होते. ११ सप्टेंबर १९८८ ला तिथे सुमारे तीन लाख लोक जमले असं सांगितलं जातं, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा साडेपंधरा लाखांच्या आसपास. पुढच्या वर्षी २३ ऑगस्टला तालिनपासून लिथुआनियातल्या विल्नियसपर्यंत सहाशेहून जास्त किलोमीटरची मानवी साखळी उभी राहिली. २० ऑगस्ट १९९१ ला स्वातंत्र्य पुन्हा जाहीर झालं. शिस्त, संयम, सूर. यात तीन पोरांच्या आरडाओरड्याला जागा कुठे?

आधी हे मान्य करतो, की तीन लाखांच्या गाण्याचं काम तीन जण करू शकत नाहीत. पण समूहगानाचा इतिहास नीट पाहिला तर तोही आज्ञाधारक नाही. एस्टोनियातला पहिला गीतमहोत्सव १८६९ मध्ये तार्तू इथे झाला, झारच्या काळात. सोव्हिएत राजवटीत तो चालू राहिला, पण यादी वरून यायची, लेनिन-स्टालिनची स्तुती त्यात सक्तीची. १९४७ च्या महोत्सवात गुस्ताव एर्नेसाक्स यांनी चाल लावलेलं, कवयित्री लिडिया कोइदुला यांचं मातृभूमीवरचं गाणं गायलं गेलं आणि नंतर ते कार्यक्रमातून गेलं. १९६० च्या महोत्सवात ते यादीत नसताना लोकांनी आपणहून सुरू केलं. हजारो गळे एकदम गाऊ लागल्यावर अटक कुणाकुणाला करणार? आज ते गाणं एस्टोनियात राष्ट्रगीताइतकंच मानलं जातं.

म्हणजे ज्या सुरेल परंपरेचा दाखला देऊन पंकला गप्प बसवायचं, तिचा सर्वांत मोलाचा क्षणही न विचारता गायलेल्या गाण्याचाच होता. मला तो १९६० चा समुदाय आणि १९८९ ची ती तीन पोरं एकाच घरातली वाटतात. एकाचा आवाज मऊ आहे, दुसऱ्याचा खरखरीत.

फरकही आहे, आणि मला तिथेच या अल्बमची खरी गरज दिसते. १३ एप्रिल १९८८ ला राजकारणी एडगर साविसार यांनी टीव्हीवर जनआघाडी नावाच्या चळवळीची कल्पना मांडली, तेव्हा तिच्या नावातच ‘पेरेस्त्रोइकाच्या’, म्हणजे गोर्बाचोव्ह यांच्या पुनर्रचनेच्या धोरणाच्या, ‘समर्थनार्थ’ असे शब्द होते. राजकारण म्हणून ते शहाणपणाचं होतं. वरून मिळालेल्या सवलतीचा आडोसा घेऊन पुढे सरकायचं. पण राजकारण्याला जो शब्द जपून वापरावा लागतो, तो कलावंतानेही तसाच वापरला तर लोकांना शंका घ्यायला शिकवणार कोण? जे.एम.के.ई.चं त्याच १९८९ मधलं एक गाणं ‘तेरे पेरेस्त्रोइका’ म्हणून प्रसिद्ध आहे, म्हणजे ‘नमस्कार, पेरेस्त्रोइका’. त्या नमस्कारात आरतीचा सूर नाही. नवा साहेब गावात आला की पारावरची माणसं नमस्कार करतात आणि नजरेने मोजतात, तसा तो आहे. आणि मोजण्याचं कारण होतं. ९ एप्रिल १९८९ ला सोव्हिएत जॉर्जियातल्या तिब्लिसीत शांत जमावावर सैनिक सोडले गेले, वीसेक माणसं मेली, बहुतेक बायका. खुलेपणाच्या त्याच राज्यात. सुधारणा करणाऱ्या सत्तेला प्रश्न विचारणं हे जुलमी सत्तेला विचारण्यापेक्षा अवघड असतं, कारण त्या वेळी आपलीच माणसं म्हणतात, आता कशाला, आता तर बरं चाललंय.

इथे आपल्याकडच्या एका जुन्या नात्याचा उल्लेख टाळता येत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक घरांप्रमाणे आमच्याही घरी मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं होती. गुळगुळीत कागद, सुरेख चित्रं, परवडणारी किंमत. अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले आणि कष्टकऱ्यांचं राज्य पाहिल्याच्या आनंदाने त्यांनी लिहिलं. तो आनंद खोटा नव्हता. वाटेगावातून चालत मुंबईत आलेल्या, जातीने आणि गिरणीने चिरडलेल्या माणसाला तिकडे जो मान मिळाला तो त्याने प्रामाणिकपणे नोंदवला. पण ज्या मराठी वाचकाने त्या पुस्तकांवर प्रेम केलं त्याने थंड देशाचं हे गाणंही ऐकायला हवं. ज्या छापखान्याने मुलांसाठी इतकी सुंदर पुस्तकं आपल्या भाषेत छापली, त्याच व्यवस्थेत एस्टोनियातल्या मुलांना आपल्या भाषेतलं गाणं छापून मिळत नव्हतं. दोन्ही खरं आहे. अण्णाभाऊंचा शाहिरी बाणा पाहता, त्यांनाच ही पोरं सर्वांत आधी कळली असती असं मला वाटतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारताना त्यांनी कुठल्या समितीला विचारलं नव्हतं.

आणि समिती आपल्याकडे आजही आहे. महाराष्ट्रात नाटक रंगमंचावर आणायचं तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता आधी द्यावी लागते, प्रमाणपत्र घ्यावं लागतं. चित्रपटांसाठी केंद्राचं मंडळ आहे, पण नाटकाची अशी आगाऊ तपासणी देशातल्या बहुतेक राज्यांत नाही. तेंडुलकरांच्या नाटकासाठी कमलाकर सारंगांना १९७२ मध्ये उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. ते जिंकले, मंडळ राहिलं. २०१६ मध्ये अमोल पालेकरांनी या पूर्वतपासणीलाच न्यायालयात आव्हान दिलं. मंडळावर बसणारी माणसं बरीचशी रंगभूमीवरची, जाणती असतात. तालिनच्या कला समितीवरही संगीत कळणारी माणसं होती. आपला देश सोव्हिएत संघ नाही, इथे न्यायालय आहे, निवडणूक आहे, आणि ही तुलना मी ताणणार नाही. पण कागद आधी दाखवा, मग बोला, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

मग कुणीही काहीही गावं का? द्वेष पसरवणारं, खून करायला सांगणारं? नाही. त्यासाठी कायदा आहे आणि तो गाणं गायल्यानंतर, उघड्या न्यायालयात, कारणं लिहून, दोन्ही बाजू ऐकून लागू होतो. त्यात गाणाऱ्याला उत्तर देता येतं आणि ऐकणाऱ्यालाही कळतं, की काय गायलं गेलं होतं. आगाऊ तपासणीत बंद खोलीत तिघेचौघे ठरवतात आणि बाहेरच्यांना काय गमावलं तेही समजत नाही. त्याहून मोठं नुकसान लेखकाच्या टेबलावर होतं. प्रमाणपत्र मिळेल ना, हा विचार करत तो ओळ खोडतो. ती खोडलेली ओळ कुठल्याच निकालपत्रात येत नाही.

म्हणून माझी मागणी दुहेरी आहे. संहितेची पूर्वतपासणी बंद करा. आणि त्यासोबत, सांस्कृतिक खात्याचा जो पैसा पुरस्कारांवर आणि महोत्सवांवर खर्च होतो त्यातला काही तालुक्यातालुक्यांत तालमीच्या खोल्या आणि साधे ध्वनिमुद्रण कक्ष उभारायला द्या. काय गायचं ते न विचारता, वेळेप्रमाणे भाडं घेऊन. आज गाणं मोबाइलवर मुद्रित होतं, जगभर पाठवता येतं, हे मला माहीत आहे. पण ते पोचवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, आणि त्यांतली एखादी गाणं काढून टाकते तेव्हा कारण विचारायला खिडकीही नसते. अशा वेळी परभणीच्या किंवा सावंतवाडीच्या तीन पोरांना जवळपास एक खोली, एक ड्रमचा संच आणि चार चांगले मायक्रोफोन मिळाले पाहिजेत. त्यांना हेलसिंकी गाठावी लागू नये.